निर्मळ : एका सौम्य शब्दाचं जुनं भांडण

'निर्मळ' हा शब्द ऐकून कुणाचंही डोकं तापत नाही. कुणी गेलं की व्हॉट्सॲपवर श्रद्धांजली फिरते, 'निर्मळ मनाचा माणूस'. ट्रेकला गेलेला मित्र डोहाचा फोटो टाकतो आणि खाली लिहितो, 'निर्मळ पाणी'. तालुक्याच्या रस्त्याने जाताना गावाच्या वेशीवर कमान दिसते, 'निर्मल ग्राम'. आपल्या आईच्या किंवा आजीच्या वर्गात एक तरी निर्मला असायचीच. इतका साधा, निरुपद्रवी शब्द.

मला शब्दांच्या मागे लागायची सवय आहे. कोश उघडायचा, जुनं मराठी वाचायचं, कुठला शब्द कधी कुणाच्या तोंडी होता ते बघायचं. या सवयीत 'निर्मळ'पाशी मी इतर कुठल्याही शब्दापेक्षा जास्त काळ थांबलो आहे. कारण या सौम्य शब्दाचं आपल्या भाषेतल्या दुसऱ्या एका शब्दाशी किमान सातशे वर्षांचं भांडण आहे. तो दुसरा शब्द म्हणजे 'विटाळ'. त्या भांडणात कोण कुठल्या बाजूला उभं होतं, हा आपल्या समाजाचाच इतिहास आहे, आणि भांडण अजून मिटलेलं नाही.

पोटात मळ असलेला शब्द

आधी शब्द उघडून बघू. संस्कृतात 'निर्' म्हणजे नसलेला आणि 'मल' म्हणजे घाण. ज्यात मल नाही ते निर्मल. मराठीत येताना दोन स्वरांमधला एकटा 'ल' बहुतेक वेळा 'ळ' होतो. कमलचं कमळ, फलचं फळ, सकलचं सकळ. तसंच मलचा मळ आणि निर्मलचं निर्मळ. 'काल' म्हणजे वेळ, त्याचा मराठीत 'काळ' झाला. आदल्या दिवसाला आपण 'काल' म्हणतो तो मात्र 'कल्य' या शब्दातून आला. तिथे जोडाक्षर होतं, म्हणून 'ल' टिकला. हे नियम कुणी बसून ठरवले नाहीत, बोलणाऱ्या जिभांनी शेकडो वर्षांत घडवले.

म्हणून 'निर्मळ' आणि 'निर्मल' यांचा अर्थ एकच असला, तरी वास वेगळा आहे. 'निर्मळ' ओव्या-अभंगांतून, घरातल्या बोलण्यातून आला. 'निर्मल' शाळेच्या हजेरीपटातून आणि सरकारी परिपत्रकातून आला. कमानीवर 'ल' असतो तो त्यामुळे.

या शब्दाची खरी गंमत वेगळी आहे. तो स्वतःच्या पोटात मळ घेऊन फिरतो. 'निर्मळ' म्हणायचं तर आधी 'मळ' म्हणावं लागतं. आणि मळ म्हणजे काय, हे कुणाला शिकवावं लागत नाही. कानातला मळ, नखातला मळ, कॉलरवरचा मळ. सदरा मळतो, आभाळाला मळभ येतं. मळ डोळ्यांना दिसतो, हाताला लागतो, आणि पाण्याने, राखेने, रिठ्याने, साबणाने निघतो. तो राजालाही चढतो आणि रंकालाही. आंघोळ केली नाही तर कुठल्याही कुळातला माणूस मळकटच दिसणार.

शेजारचे शब्दही बघा. 'स्वच्छ'मधला 'अच्छ' म्हणजे पारदर्शक, आरपार दिसणारं. 'नितळ' आपण स्थिर होऊन गाळ खाली बसलेल्या पाण्याला म्हणतो. 'निष्कलंक'ला डाग नसावा लागतो, त्यामुळे चंद्राची पंचाईत होते. 'चोख' म्हणजे भेसळ नसलेलं. सोनं चोख, हिशोब चोख, बंदोबस्त चोख. हा संस्कृत 'चोक्ष'चा वंशज, आणि त्याचाही मूळ अर्थ शुद्ध, स्वच्छ असाच. या सगळ्या शब्दांत एक गोष्ट समान आहे. वस्तू स्वच्छ आहे की नाही, हे वस्तूकडे बघून ठरतं.

'विटाळ' तसा नाही. बाराव्या शतकात गुजरातेत होऊन गेलेल्या हेमचंद्र या जैन पंडिताने प्राकृत आणि अपभ्रंश भाषांचं व्याकरण लिहिलं. त्यात 'विट्टाल' या शब्दाचा अर्थ तो देतो, अस्पृश्याचा संसर्ग. घाणीचा उल्लेखच नाही. विटाळ बघून कळत नाही. तो कुणी शिवलं यावरून ठरतो. नुकतीच आंघोळ करून, धुतलेले कपडे घालून आलेल्या माणसाचाही विटाळ होऊ शकतो आणि अंगभर घाम आलेल्या दुसऱ्या माणसाचा होत नाही. साबणाचा इथे काही उपयोग नसतो. हाच शब्द पुढे मराठीत बाईच्या मासिक पाळीलाही चिकटला. जात आणि बाईचं शरीर, या दोन्ही ठिकाणी.

म्हणजे आपल्या भाषेत शुद्धतेची दोन घराणी आहेत. एका घराण्यात घाण धुता येते. दुसऱ्यात ती जन्मापासून चिकटलेली असते.

गाथेतला पाचू

महाराष्ट्राच्या मातीत 'निर्मळ' किती जुना? पैठणच्या सातवाहन राजांपैकी हाल याच्या नावावर 'गाथासप्तशती' हा महाराष्ट्री प्राकृतातल्या सातशे गाथांचा संग्रह आहे. त्यातल्या एका प्रसिद्ध गाथेत हा शब्द 'णिम्मल' या रूपात येतो. कमळाच्या पानावर एक बगळी बसलेली आहे, अजिबात हलत नाही, आणि ते दृश्य बघून कवीला स्वच्छ पाचूचं पात्र आठवतं. पुढच्या संस्कृत काव्यशास्त्रकारांनी या गाथेवर बराच खल केला. बगळी हलत नाही म्हणजे इथे माणसांची ये-जा नाही, म्हणजे ही जागा प्रेमिकांना भेटायला सोयीची, असा छुपा अर्थ त्यांनी काढून दाखवला.

मला यात आवडतं ते असं की इथला 'णिम्मल' देवघरातला नाही. तो एका रत्नाची चकाकी सांगतो, तेही कदाचित चोरट्या भेटीच्या संदर्भात. शब्द अजून कुणाच्या भांडणात पडलेला नाही.

भांडणाची चाहूल तेराव्या शतकात लागते. महानुभाव पंथाच्या चक्रधरस्वामींनी आपल्याभोवती जमलेल्या बायकांच्या पाळीचा विटाळ मानला नाही. शरीराच्या इतर द्वारांतून मळ येतो तसाच हा एक, अशी त्यांची भूमिका पंथाच्या वाङ्मयात नोंदलेली आहे. विटाळाचा मळ केला की अर्धं भांडण मिटतं. मळ लाजिरवाणा नसतो, धुतला की संपला.

चोखा, निर्मळा, सोयरा

खरी लढाई झाली पंढरपूरच्या परिसरात, एका कुटुंबात. मंगळवेढ्याचे चोखामेळा, त्यांची बायको सोयराबाई, मुलगा कर्ममेळा, बहीण निर्मळा आणि निर्मळेचा नवरा बंका. सगळे महार, आणि सगळ्यांच्या नावावर अभंग आहेत. एकाच घरातल्या पाच जणांनी कविता रचली, हीच आधी थक्क करणारी गोष्ट. ती आपण शाळेत फारशी ऐकत नाही.

आता नावं पुन्हा वाचा. चोखा, म्हणजे चोख. निर्मळा, म्हणजे निर्मळ. ज्या भावंडांना गाव विटाळ म्हणून लांब ठेवत होता, त्या दोघांच्या नावाचा अर्थ स्वच्छ असा आहे. नावं ठेवणाऱ्याच्या मनात काय होतं ते सांगता येणार नाही. पण हा विरोधाभास त्या घराच्या लक्षात आला होता, याचा पुरावा आहे. बंकांच्या नावावरच्या एका अभंगात चोखोबांना 'चोखट' आणि 'निर्मळ' ही दोन्ही विशेषणं लागोपाठ लावली आहेत आणि लगेच, त्यांच्या अंगाला मळ नाही, असंही म्हटलं आहे. आजचा वाचक हे भक्तिभावाचं कौतुक म्हणून वाचून पुढे जाईल. पण मेव्हण्याने मेव्हण्याबद्दल, तेही गावकुसाबाहेर बसून, हे म्हणणं ही तक्रार आहे. आमच्या अंगावर मळ दाखवा, मग बोला.

सोयराबाई त्याहून थेट आहेत. त्यांच्या सर्वांत प्रसिद्ध अभंगांपैकी एकात 'विटाळ' आणि 'निर्मळ' हे दोन शब्द शेजारी आणून उभे केले आहेत. युक्तिवाद असा की विटाळ देहाचा म्हणता, तर तो देहातच जन्मतो आणि त्याच्याशिवाय कुठलाच देह घडत नाही. मग सोवळा कोण? आत्मा निर्मळच आहे. वकिलाने मांडावा तसा हा मुद्दा आहे. प्रत्येक माणूस आईच्या पोटातून, रक्तातूनच येतो. त्यात विटाळ असेल तर तो सगळ्यांना आहे, आणि सगळ्यांना असलेल्या गोष्टीवरून कुणाला वेगळं काढता येत नाही. हे एका महार बाईने म्हटलं आहे. विटाळ या शब्दाचे दोन्ही अर्थ, जातीचा आणि बाईपणाचा, तिच्याच अंगावर होते. म्हणून तिला ते दोन्ही एकाच उत्तरात खोडता आले.

आणि मग ती बाळंतपणाची गोष्ट. सोयराबाईंचे दिवस भरले तेव्हा चोखोबा बहिणीकडे, निर्मळेकडे निघून गेले. घरात दुसरं कुणी नाही. तेव्हा विठ्ठल निर्मळेचं रूप घेऊन, नणंद होऊन आला आणि त्याने सोयराबाईंचं बाळंतपण केलं, असं परंपरा सांगते. चमत्कार खरा की खोटा हा प्रश्न बाजूला ठेवा. गोष्ट रचणाऱ्यांनी काय निवडलं ते बघा. सुईणपण हे विटाळाच्या हिशोबात सगळ्यांत खालचं काम. रक्त, वार, नाळ. देव ते काम करायला येतो, आणि येतो तेव्हा निर्मळा होऊन येतो. ज्या देवळाच्या दाराबाहेर चोखोबांना उभं राहावं लागत होतं, त्याच देवळातला देव.

१३३८ मध्ये मंगळवेढ्याच्या कुसाचं बांधकाम चालू असताना भिंत कोसळून चोखोबा गेले, असं मानलं जातं. ते वेठीचं काम होतं. त्यांची समाधी पंढरपूरला महाद्वारासमोर आहे, देवळाच्या बाहेर. पंढरपूरचं देऊळ अस्पृश्यांना उघडलं ते १९४७ मध्ये, साने गुरुजींच्या उपोषणानंतर. मध्ये सहाशे वर्षं गेली.

तुकोबांचा साबण

तुकाराम (१६०८–१६५०) हा शब्द घेतात तेव्हा त्यात एक नवी वस्तू येते, साबण. हा शब्द अरबी 'साबून' आणि पोर्तुगीज 'साबांव' यांच्या गोतावळ्यातला, म्हणजे समुद्रावरून आलेला. तुकोबांच्या एका अभंगात 'निर्मळ' हे विशेषण 'जीवन' या शब्दाला लावलेलं आहे आणि शेजारीच साबणाचा प्रश्न आहे. 'जीवन' म्हणजे पाणीही आणि जगणंही. पाणीच गढूळ असेल तर साबण घासून कपडा निघणार नाही, हे कुठल्याही बाईला नदीवर कळतं. तेच जगण्याला लावलं की उपदेश आपोआप तयार होतो.

तुकोबा वाण्याचं दुकान चालवलेला माणूस. त्यांची उदाहरणं वापरातल्या वस्तूंची असतात. पण इथे आणखी एक गोष्ट घडते. निर्मळपणा ते वागणुकीत शोधतात, जन्मात शोधत नाहीत. वारकरी परंपरेत हा शब्द मनाला लागतो, पाण्याला लागतो, वाणीला लागतो, चित्ताला लागतो. 'निर्मळ कुळ' असा प्रयोग मी ऐकलेला नाही. कुळाला 'शुद्ध' म्हणतात, 'उच्च' म्हणतात.

दोरीवरचं सोवळं

दुसरं घराणंही गप्प बसलेलं नव्हतं. त्याचा लाडका शब्द 'सोवळं'. ज्यांनी ते पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. सोवळं म्हणजे धुऊन, कुणी शिवणार नाही अशा उंच दोरीवर काठीने वाळत घातलेलं वस्त्र. तेच नेसून पूजा आणि स्वयंपाक. आमच्या आजीच्या घरी अशी काठी होती. शाळेतून आलेल्या आम्हा मुलांचा हात लागला की वस्त्र पुन्हा भिजवायचं. हात धुतलेले असले तरीही. त्याच घरात पाण्याच्या हंड्यासाठी आजीचा शब्द 'निर्मळ' होता. हंडा चिंचेने घासला, फडक्याने गाळून पाणी भरलं की ती म्हणायची, आता निर्मळ झालं. एकाच स्वयंपाकघरात दोन्ही घराणी नांदत होती आणि त्यांचे नियम एकमेकांशी जुळत नव्हते.

पण सोवळं फक्त कापडापुरतं राहिलं नाही. 'सोवळी' या शब्दाचा एक अर्थ केशवपन केलेली विधवा असा आहे. नवरा मेल्यावर बाईचे केस काढायचे, तिला आलवण नेसवायचं, शुभकार्यात समोर येऊ द्यायचं नाही, आणि तिला नाव द्यायचं शुद्धतेचं. तिच्यावर कुटुंबातल्याच कुणी अत्याचार केला तर मूल आणि आई दोघांचाही जीव टांगणीला. १८६३ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं ते अशा बायकांसाठी. तिथे बाळंतपणं झाली. पाचशे वर्षांपूर्वीची निर्मळेची गोष्ट इथे माणसांनी प्रत्यक्षात केली. १८६८ मध्ये फुल्यांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला.

महाडचं पाणी

या भांडणाचा सगळ्यांत स्पष्ट दिवस शोधायचा तर तो २० मार्च १९२७. महाडचं चवदार तळं सार्वजनिक होतं. मुंबई कायदे मंडळाने १९२३ मध्ये बोले ठराव केला होता आणि महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये तळं सगळ्यांना खुलं केलं होतं, पण कागदावर. त्या दिवशी डॉ. बाबासाहेब आंबेडकर परिषदेला आलेल्या लोकांसह तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले.

त्यानंतर गावातल्या सवर्णांनी तळ्याचं शुद्धीकरण केलं. दूध, दही, शेण आणि गोमूत्र यांच्या १०८ घागरी मंत्र म्हणत तळ्यात सोडल्या. मग पाणी शुद्ध झालं, असं जाहीर झालं.

आता शब्दांचा हिशोब लावा. माणसांनी ओंजळीने पाणी घेतलं तेव्हा तळ्यात एक कणही मळ पडला नव्हता. नंतर त्यात शेण आणि मूत्र ओतलं गेलं. 'निर्मळ' या शब्दाच्या कसोटीवर तळं कुणी घाण केलं? आणि तरीही 'शुद्ध' हा शब्द त्या घागरींच्या वाट्याला आला. शुद्धतेची दोन घराणी एकमेकांच्या विरुद्ध किती टोकाला जाऊ शकतात, हे यापेक्षा स्वच्छ दाखवणारा प्रसंग मला माहीत नाही. पिण्याचं पाणी गढूळ झालं तरी चालेल, पण विटाळ नको.

पुढे नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला, त्याच वर्षी २५ डिसेंबरला महाडलाच मनुस्मृतीचं दहन झालं, आणि तळ्याचा खटला दहा वर्षं चालला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला. सोयराबाईंनी अभंगात मांडलेली बाजू सहा शतकांनी कोर्टात जिंकली.

परटाच्या घरातला खराटा

निर्मळ या शब्दाला हातपाय फुटले असते तर ते गाडगेबाबांसारखे दिसले असते. २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातल्या शेणगावात डेबूजी झिंगराजी जानोरकरांचा जन्म झाला, परीट घराण्यात. परीट म्हणजे गावाचे कपडे धुणारा. सगळ्या गावाचा मळ काढतो तो, आणि उतरंडीत खाली बसवला जातो तोही तोच. हा उलटा न्याय त्यांना पुस्तकात वाचावा लागला नसणार.

१९०५ मध्ये त्यांनी घर सोडलं. अंगावर चिंध्यांचं वस्त्र, हातात खराटा, सोबत मातीचं गाडगं. गावात जायचं, दिवसभर रस्ते, गटारं झाडायची, आणि रात्री कीर्तनात दारू, कर्ज, नवससायास, बोकडाचा बळी आणि शिवाशीव यांवर बोलायचं. क्रम महत्त्वाचा आहे. आधी मळ काढायचा, तोही स्वतःच्या हाताने, आणि मग विटाळावर बोलायचं. झाडणारा हात आणि कीर्तन करणारं तोंड एकाच माणसाचं असल्यावर ऐकणाऱ्याला पळवाट उरत नाही.

पंढरपुरात देवळाच्या बाहेर राहणाऱ्या वारकऱ्यांसाठी त्यांनी धर्मशाळा बांधली आणि तिला चोखामेळ्यांचं नाव दिलं. ती त्यांनी पुढे बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. बाबासाहेब ६ डिसेंबर १९५६ ला गेले आणि गाडगेबाबा त्याच महिन्यात २० तारखेला.

कमानीवरचा 'ल'

पुढे सरकारने हा वारसा उचलला. २०००-०१ मध्ये, आर. आर. पाटील ग्रामविकासमंत्री असताना, संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं. गावागावांत लोकांनी खरंच झाडू हातात घेतला. २००३ मध्ये केंद्राने 'निर्मल ग्राम पुरस्कार' जाहीर केला. घरोघरी शौचालय, शाळेत आणि अंगणवाडीत शौचालय, उघड्यावर कुणी बसत नाही, असं गाव निर्मल. २०१२ मध्ये संपूर्ण स्वच्छता अभियानाचं नाव 'निर्मल भारत अभियान' झालं आणि २ ऑक्टोबर २०१४ पासून 'स्वच्छ भारत'.

यात चांगलं बरंच झालं. अंधार पडायची वाट बघत पोट आवळून बसणाऱ्या बायकांना विचारा. पहाटे शिट्ट्या मारत फिरणारी 'गुड मॉर्निंग पथकं' हा त्यातला कडवट भाग, कारण जागा आणि पाणी नसलेल्यालाच लाज वाटायला लावली जात होती. पण सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न कमानीवर कधी लिहिला गेला नाही. शौचालय बांधल्यावर मळ नाहीसा होत नाही. तो टाकीत जातो, गटारात जातो. तिथून तो काढतं कोण?

उत्तर आपल्याला माहीत आहे. हाताने मैला उचलण्यावर १९९३ मध्ये कायद्याने बंदी आली, २०१३ मध्ये अधिक कडक कायदा झाला. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गटारात मेलेल्या कामगारांच्या कुटुंबांना १० लाख रुपये द्यायला सांगितले आणि २०२३ मध्ये ती रक्कम ३० लाख केली. रक्कम वाढवावी लागते, याचा अर्थ माणसं अजून मरतायत. आणि गटारात उतरणाऱ्यांची आडनावं, वस्त्या आणि जाती पाहिल्या तर विटाळाचं जुनं घराणं तिथे धडधाकट बसलेलं दिसतं. ज्यांना घाण ठरवलं, त्यांच्याकडूनच घाण काढून घ्यायची, आणि ती काढली म्हणून पुन्हा त्यांनाच घाण म्हणायचं.

पंढरपूरही यातून सुटलं नाही. वारीत लाखो लोक येतात आणि मागे राहिलेला मैला सफाई कामगारांना हाताने उचलावा लागतो, याविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका गेली. न्यायालयाने चंद्रभागेच्या वाळवंटातल्या तंबूंवर निर्बंध घातले, शौचालयांची सोय करायला सांगितली. गेल्या दशकापासून पालखीच्या मार्गावर फिरती शौचालयं दिसतात, त्या उपक्रमाचं नाव 'निर्मल वारी'. नाव नेमकं आहे. फक्त त्या रांगेच्या मागे, टाकी उपसणाऱ्या गाडीपाशी कोण उभं आहे, तेही एकदा बघायला हवं.

आजचे शब्द

विटाळ हा शब्द आता शहरात कुणी फारसा उच्चारत नाही. तो कपडे बदलून फिरतो. 'शुद्ध' शाकाहारी कुटुंबालाच फ्लॅट देणे आहे. कामवाल्या मावशींचा कप वेगळा. सोसायटीच्या एका लिफ्टवर पाटी, कामगारांनी दुसरी लिफ्ट वापरावी. त्या मावशी रोज आपलीच भांडी घासतात, म्हणजे आपल्या घरातला मळ त्यांच्याच हाताने निघतो, आणि कप मात्र वेगळा. २०१७ मध्ये पुण्यात एका शास्त्रज्ञ बाईंनी पोलिसांत तक्रार केली, की स्वयंपाकाला ठेवलेल्या बाईने जात लपवली आणि आपलं सोवळं मोडलं. हवामानशास्त्रात आयुष्य गेलेल्या व्यक्तीची तक्रार. स्वयंपाक अस्वच्छ होता, असं म्हणणं नव्हतंच.

म्हणून मला 'निर्मळ' हा शब्द सोडवत नाही. शुद्ध, पवित्र, सोवळं या शब्दांशी वाद घालायला गेलं की समोरचा श्रद्धेचा दरवाजा लावून घेतो. निर्मळ तसं करू देत नाही. त्याच्या पोटात मळ आहे, त्यामुळे दोन साधे प्रश्न विचारता येतात. कुठे आहे तो मळ, दाखव. आणि तो कुणी काढला, सांग. पहिल्या प्रश्नापुढे विटाळ टिकत नाही, कारण त्याच्याकडे दाखवायला काही नसतं. हा प्रश्न बंकांनी आणि सोयराबाईंनी विचारून ठेवला आहे. दुसरा प्रश्न गाडगेबाबांनी खराटा हातात घेऊन विचारला. त्याचं उत्तर आपल्याला द्यायचं आहे, आणि ते देताना नावं घ्यावी लागतील. ती अजून कुठल्याही कमानीवर नाहीत.